हुकूम कुठं लावलाय?

आमच्या शाळेच्या फाटकासमोरच रेशनचं दुकान आहे. पुढं पत्र्याचं शेड, आत गव्हा-तांदळाच्या पोत्यांची थप्पी, दारात वजनकाटा आणि प्लास्टिकच्या स्टुलावर ते अंगठ्याचं मशीन. २६ फेब्रुवारी २०२४, सोमवार. महिना संपत आलेला, म्हणून ज्यांचं धान्य उचलायचं राहिलं होतं त्यांची सकाळपासून रांग. मधल्या सुट्टीत मी फाटकाशी उभी राहून रांगेकडं बघत होते. एका म्हाताऱ्या मामांची पाळी आली. त्यांनी अंगठा टेकवला, मशीन गप्प. दुकानदाराच्या पोरानं सांगितलं, "मामा, नेट बंद हाय. आज पावती निघत न्हाई." मामांनी ऐकून घेतलं, अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला, धोतराच्या सोग्याला घासून पुसला आणि पुन्हा पुढं केला. "आता लाव. आता स्वच्छ झालाय." पोरगा पुन्हा तेच म्हणाला. मामा म्हणाले, "ज्वारी उपटायलोय ना, रेघा गेल्यात बग बोटाच्या." मग रिकाम्या पिशवीची घडी काखेत मारून ते उन्हातून निघून गेले.

मला ते टोचत राहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं त्या दिवशी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांतलं मोबाइल इंटरनेट सरकारनं बंद केलं होतं, आणि एक माणूस स्वतःच्या अंगठ्यावर संशय घेऊन घरी गेला. त्याला तशी सवयच लागली आहे. एरवी नेट चालू असतानाही या माणसांचे अंगठे मशीन नाकारतं. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटावी लागते, ताटाच्या धारेनं बोटं सोलतात, चिरा पडतात, वर कातडं जाड होतं. अंगठा लागला नाही की माणूस ओशाळतो, मागच्यांना वाट देऊन बाजूला उभा राहतो, बोटाला तेल लावतो, पाण्यानं धुतो. चूक आपलीच असणार, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की सरकारनं नेट बंद केलंय हे कानावर पडूनही आत उतरत नाही.

रांगेतल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. कुणी बंद केलं, किती वेळासाठी, कशासाठी. अंबडकडं संचारबंदी लागलीय, तीर्थपुरीला एसटी जाळली, एवढं कानोकानी आलं होतं. एक पोरगा मोबाइल आकाशाकडं धरून फिरत होता, जसं काही रेंजच गेलीय. एक बाई म्हणाली, "रिचार्ज संपला असंल." खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी मला विचारलं, "मॅडम, तुमाला तर म्हाईत असंल, कधी चालू व्हनार?" मी सांगू शकले नाही. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दुकानाच्या दारावर कुठंही एक ओळ नव्हती. संचारबंदी लागली की निदान जीप फिरते, भोंग्यावरून सांगतात. पूर्वी गावात दवंडी पिटायचे. नळाला पाणी येणार नसेल तरी आमचा शिपाई गल्लीत ओरडून जातो.

नेट गेल्याचं मात्र कुणी सांगायला येत नाही.

हे लिहिताना मला त्याआधीची एक रात्र बाजूला ठेवता येत नाही, आणि ती ठेवली तर लिहिणं खोटं होईल. ३० ऑक्टोबर २०२३. त्याच आंदोलनाच्या काळात माजलगावात आणि बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरं पेटवली गेली, ती रात्र. माझी मुलगी तेव्हा बीडला शिकायला होती, मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. संध्याकाळपासून फोनवर एकामागून एक व्हिडिओ यायला लागले. जाळ, धूर, पळणारे पाय, काचा फुटल्याचा आवाज, कुणीतरी ओरडून जागेचं नाव सांगतंय. तोच जाळ तीन वेगवेगळ्या गावांच्या नावांनी आला, त्यामुळं खरा कुठला आणि किती ठिकाणचा, काही कळेना. मुलीनं लोकेशन पाठवलं होतं. नकाशावरचा तिचा निळा ठिपका मी हातात धरून बसले होते. तो हलत नाही म्हणजे ती खोलीतच आहे, एवढाच आधार. मग शहरात संचारबंदी लागली आणि पाठोपाठ नेटही गेलं. व्हिडिओ थांबले आणि मला आधी हायसं वाटलं. घरातला आवाज बंद झाल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं बाई, डोकं उठलं होतं." खरोखरच बरं वाटलं होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं की ठिपकाही थांबलाय. तो आता तिच्या जागेचा राहिला नव्हता, नेट गेलं त्या क्षणाचा होता. फोन लावला तर लाइन व्यस्त, कारण सगळा जिल्हाच एकमेकांना फोन लावत होता. लागला तेव्हा ती म्हणाली, "आई, आम्ही दिवे घालवून बसलोय. बाहेर काय चाललंय तेच कळत नाही." तिला तिच्या गल्लीबाहेरचं कळत नव्हतं आणि मला तिच्या गल्लीतलं.

त्या रात्री अफवा थांबल्या नाहीत. त्या फोनवरून यायला लागल्या. नात्यातल्या एका भाऊजींचा फोन: अमुक पुलाजवळ असं झालं म्हणे. जावेच्या भावाचा फोन: पेट्रोल पंप पेटवला म्हणे. व्हिडिओ असता तर निदान बघून म्हणता आलं असतं की हा जुना आहे, हे दुसऱ्याच गावचं आहे. तोंडी 'म्हणे'ला काही दाखवता येत नाही आणि खोडताही येत नाही. ज्यांचं काम खरं सांगायचं, ते शहरातले ओळखीचे पत्रकार, पोलिसांचं पान, प्रशासनाचं पान, सगळे त्याच बंदच्या पलीकडं अडकले होते.

अफवा थांबवायला नेट बंद करावं लागतं, असं सरकार म्हणतं. त्यात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, पोटासाठी फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे संदेश तेव्हा मोबाइलवर गावोगाव फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. मी तेव्हा आमच्या शाळेत पालकांची सभा घेतली होती. दारावर येणाऱ्या फिरस्त्याला हात लावू नका, एवढं सांगायला. सभेत एका वडिलांनी मला त्यांच्या फोनवर आलेला संदेश दाखवला आणि विचारलं, "खोटा असता तर इतक्या जनानं कामून पाठवला असता?" या प्रश्नाचं वजन मला माहीत आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती मला पटली, कारण ती सगळ्यांना दिसत होती: संदेशावर 'पुढे पाठवलेला' असं लिहून येत होतं आणि का ते सांगितलेलं होतं.

पण अफवेला नेट लागतं, हे मात्र मराठवाड्यातल्या माणसानं मान्य करू नये. आम्ही १९७८ बघितलंय. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या दलित वस्त्यांवर जे झालं, ते पसरवायला कुठला मोबाइल होता? आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता. मी लहान होते. मला आठवतो तो संध्याकाळचा अंधार, पारावर दबक्या आवाजात बोलणारी माणसं, आणि आमच्या वर्गातली एक मुलगी काही दिवस शाळेत आली नाही ते. तिची वस्ती ओढ्याच्या पलीकडं होती. वडील सांगायचे, एसटीतून उतरणारा माणूस बातमी घेऊन यायचा, बाजारातून परतणारी बैलगाडी ती पुढं न्यायची, आणि प्रत्येक गावात ती मूळच्यापेक्षा मोठी होऊन पोचायची. वस्त्या जळाल्या, माणसं मेली, कित्येक जण गाव सोडून शहराच्या कडेला जाऊन राहिले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या दिवसांत खरं बोलणाऱ्याला, 'असं काही झालेलं नाही, घरी जा' म्हणणाऱ्याला, जास्त साधनं मिळाली असती तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात घोळवलंय. निदान ओढ्यापलीकडून कुणी मदतीला हाक मारली असती, तर ती दूरवर ऐकू गेली असती.

माझे आजोबा निजामाच्या राज्यातले. त्यांच्या बोलण्यात 'गश्ती त्रेपन्न' हा शब्द असा यायचा, जसा एखाद्या खाष्ट नातेवाइकाचा यावा. हैदराबाद संस्थानात सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी पाहिजे, असं फर्मावणारी ती गश्ती. आजोबा फार शिकलेले नव्हते. पण त्या हुकुमाचा नंबर ५३, हे त्यांना मरेपर्यंत पाठ होतं. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या गोष्टी त्यांनी थोरल्या भावाकडून ऐकलेल्या. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजामानं बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. आजोबांच्या वाड्यात एक अंक सगळ्या गल्लीत वाचला जायचा आणि मग चुलीत जायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादेत रझाकारांनी मारलं, ते सांगताना आजोबा थांबायचे, पाणी प्यायचे.

त्या राज्याशी आजच्या राज्याची बरोबरी करायचा माझा विचार नाही. आपण मत देतो, कोर्टात जाऊ शकतो, मी हे नावानिशी लिहू शकते. पण एक गोष्ट मला राहून राहून खटकते. त्या जुलमी हुकुमाला नंबर होता, तो लोकांना ठाऊक होता, म्हणून परिषदेच्या मंडपात उभं राहून म्हणता येत होतं: ही गश्ती रद्द करा. २६ फेब्रुवारीच्या आदेशाचा नंबर आमच्या गावात कुणाला माहीत आहे? तो कुणाच्या सहीचा होता, त्यात कारण काय लिहिलं होतं, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत होता? मी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना विचारलं, तालुक्याच्या वकिलांना विचारलं. सगळ्यांनी 'बातमीत वाचलं' असंच सांगितलं. आदेश बघितलेला माणूस मला भेटला नाही.

आणि हे सगळं कायद्यात नाही असं नाही. नेट बंद करण्यासाठी २०१७ साली नियम झाले, त्याआधी जमावबंदीच्या कलम १४४ खालीच काम भागवलं जायचं. पाया मात्र १८८५ च्या तार कायद्याचा. राज्याच्या गृह सचिवांनी आदेश काढायचा, त्यात कारणं लिहायची, आणि मुख्य सचिवांच्या समितीनं पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा. २०२० मध्ये एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा घातली गेली. त्याच वर्षी, १० जानेवारीला, काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे ज्याला झळ बसली त्याला ते आव्हानता येतील; बेमुदत बंद चालणार नाही; आणि बोलण्याचं व धंद्याचं स्वातंत्र्य नेटवरही आहे. २०२४ च्या अखेरीस तार कायद्याच्या जागी आलेल्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले, त्यांतही आदेश प्रसिद्ध करा असं आहे. मी हे वाचते तेव्हा मला मामांचा विचार येतो. प्रसिद्ध म्हणजे कुठं? मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला आणि नेटच बंद असेल, तर तो वाचायचा कशावर? दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं नोंदवलं की देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंदच गृह मंत्रालय आणि दूरसंचार विभाग ठेवत नाहीत. किती वेळा, हेच मोजलेलं नसेल तर त्यानं दंगा थांबला की नाही हे कुणी कसं सांगावं?

काश्मीरवरून आठवलं. थंडीत आमच्याकडं शाली विकायला काश्मिरी माणसं येतात, सायकलला गाठोडं बांधून. २०१९ च्या थंडीत एक जण आमच्या ओट्यावर चहाला बसला होता. ऑगस्टपासून तिकडं फोन आणि नेट दोन्ही बंद, मग ऑक्टोबरात पोस्टपेडचे फोन सुरू झाले. त्याच्या घरचा फोन प्रीपेड. म्हणून तो शेजाऱ्याच्या पोस्टपेडवर फोन करायचा आणि शेजारी घरी निरोप पोचवायचा. बायको बाळंत व्हायची होती. तो गाठोड्यातून एकेक शाल काढून दाखवत होता, पण नजर फोनवर. मी तेव्हा हळहळले, शाल घेतली, आणि मनात कुठंतरी असंही होतं की ते लांबचं आहे, तिकडचा प्रश्न वेगळा आहे. पूर्ण वेगानं नेट तिकडं परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं, म्हणजे दीड वर्ष. लांबच्या माणसावर चालवून बघितलेलं हत्यार आपल्या दारात यायला फार काळ लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्या जिल्ह्यात ते कुणाला लागतं, ते सांगते. दसरा-दिवाळीनंतर आमची अर्धी गावं रिकामी होतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोयता खांद्यावर टाकून नवरा-बायको ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लहान लेकरं सोबत, आणि शाळेतली आजीजवळ. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात. पूर्वी आई-बाप गेले की हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत भेट नाही; कधी एखादा फोन, तोही मुकादमाच्या फोनवर. आता कोपीच्या, म्हणजे तिथल्या झोपडीच्या, बाहेर, गाडी भरून झाल्यावर, आई रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. आजीच्या हातातला फोन, स्वस्तातला, काचेला तडा गेलेला. पोरगं आईला वही दाखवतं, पडलेला दात दाखवतं. ती तिकडं चुलीच्या उजेडात, तोंडावर काजळी, मागं उसाच्या पाचटाचा ढीग. पोरगं म्हणतं, "आई, बैल दाव." आई फोन फिरवते. एवढंच असतं ते बोलणं, पण दुसऱ्या दिवशी ते पोरगं शाळेत नीट बसतं. फेब्रुवारीत हंगाम चालूच असतो. नेट बंद झालं की साधा फोन लागतो, पण सहा वर्षांच्या लेकराला नुसत्या आवाजाशी बोलता येत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगत होती, "मॅडम, आई दिसली न्हाई काल." तिच्या आजीला वाटलं, सुनेनं मुद्दाम केला नाही, आणि तिकडं आईला वाटलं असणार, पोरगी आजारी पडली की काय. ज्यानं हा आदेश लिहिला त्यानं 'सार्वजनिक सुरक्षितता' असे शब्द लिहिले असतील. त्या कोपीतली बाई त्या सार्वजनिकात धरली होती का, हे मला त्या कागदावर वाचायचं आहे.

ही माणसं हौसेनं नेटवर गेली नाहीत. सरकारनंच नेली. रेशनचा अंगठा, रोजगार हमीच्या कामावर फोटो काढून लावायची हजेरी, २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून भरायची ई-पीक पाहणी, किसान सन्मानची ई-केवायसी, शाळेतल्या प्रत्येक लेकराची माहिती. माझाच निम्मा दिवस त्या पोर्टलांवर जातो. प्रत्येकाला शेवटची तारीख. रोजगार हमीवर सकाळची हजेरी ॲपमध्ये चढली नाही तर घाम गाळूनही रोज मिळेल का, याची धास्ती. एका हातानं सगळं आयुष्य त्या तारेवर टांगायचं आणि दुसऱ्या हातानं तार तोडायची, तर मधे लोंबकळणाऱ्याची काही सोय आधी करायला नको का? वीज जाते तेव्हा दवाखान्यात जनरेटर लागतो. नेट घालवायचं ठरवणाऱ्यानं रेशन दुकानाला 'आज वहीवर लिहून धान्य द्या' एवढा एक निरोप दिला असता तर मामा रिकाम्या पिशवीनं गेले नसते.

बंद झालेल्या दिवसांचं हे झालं. पण नेट चालू असताना जी भीती पसरलीय, तिचं काय करायचं? आंदोलनाची तारीख जवळ आली की ग्रुपच्या ॲडमिनना ठाण्यातून नोटिसा येतात. आमच्या गावचा ग्रुप, ज्यावर कुणाची गाय हरवली, कुणाकडं बारशाचं जेवण, पाण्याची मोटर कुणाची जळाली हे सगळं यायचं, तो एका संध्याकाळी 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' असा झाला. ॲडमिन म्हणजे आमच्याच गावचा दुकानदार, दोन लेकरांचा बाप. तो म्हणाला, "वहिनी, कोन काय टाकंल आन् मला कोर्टात फिरावं लागंल." २०२१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. मी त्याला ते सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि ग्रुप तसाच ठेवला. त्याची भीती मला समजते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून, एकीला लिहिल्याबद्दल आणि दुसरीला ती आवडल्याची खूण केल्याबद्दल, अटक झाली होती, हे आमच्या पिढीच्या डोक्यातून गेलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाखाली अशा अटका व्हायच्या, ते सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. त्यानंतरही कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल धक्का बसल्याचं बोलून दाखवावं लागलं. रद्द झालेलं कलमही माणसाला गप्प करत राहतं, कारण ते रद्द झाल्याची बातमी ठाण्यापर्यंत आणि दुकानदारापर्यंत पोचलेली नसते.

एखादं खातं, एखादं पान दिसेनासं होतं, त्याचंही असंच. त्याच कायद्याच्या कलम ६९ अ खाली मजकूर अडवायचा आदेश निघतो आणि २००९ च्या नियमांनुसार तो गोपनीय ठेवला जातो. ज्याचं लिहिणं अडवलं त्यालाही पुष्कळदा कारण मिळत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तर नियम केला की सरकारच्या कामकाजाबद्दलचं काय खोटं, ते सरकारचाच सत्यशोधन कक्ष ठरवील. तो नियम मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. मी सरकारी नोकर आहे, सरकारचं वाईट व्हावं अशी माझी इच्छा नाही. पण पेपर ज्यानं लिहिला त्यानंच तपासायचा, हे मी वर्गात चालू देत नाही.

या सगळ्यात मला काय हवं आहे, ते मी बराच काळ नीट मांडू शकत नव्हते. नेट कधीच बंद करू नका, असं म्हणायला मन धजत नाही; राईनपाड्यातली ती पाच माणसं समोर येतात. पण बंद करायचंच झालं तर करणाऱ्यानं समोर येऊन करावं. आपलं नाव लिहावं, नंबर टाकावा, कारण द्यावं, कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत आणि किती वाजेपर्यंत ते लिहावं, आणि तो कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, जिथं माणसं रांगेत उभी राहतात तिथं लावावा. तहसीलला, ठाण्याला, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात. मग आम्ही तो वाचू. पटला तर सोसू, न पटला तर नंबर घेऊन भांडू. आजोबांच्या पिढीनं तेच केलं.

म्हणून मी येत्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. हातानं, दोन पानी. नेट बंद झालं तर आदेशाची प्रत त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि शिपायानं गल्लोगल्ली सांगावं. बंदच्या दिवशी रेशन वहीवर सही घेऊन द्यावं, अशी शिफारस वर जावी. रोजगार हमीची हजेरी कागदावर घ्यावी. कुठल्याही अर्जाची मुदत असेल तर बंदचे दिवस त्यात मोजू नयेत. अशा मागण्या. मिस्टरांनी वाचून विचारलं, नोकरीवर आहेस, चालेल का? मी म्हटलं, ग्रामसभेची मतदार आहे. ते काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या पानावरची एक मात्रा दुरुस्त करून दिली.

ग्रामसेवकांनी अर्ज उभ्या-उभ्या वाचला. चांगला माणूस आहे, टाळाटाळ करणारा नाही. म्हणाले, "मॅडम, हे आयत्या वेळच्या विषयांत घेऊ." मी म्हटलं, "भाऊ, तसं नको. विषयपत्रिकेत छापून घ्या. नोटीस फळ्यावर लागेल तेव्हा लोकांनी आधी वाचलं पाहिजे की असा विषय येतोय." त्यांनी थोडा विचार केला, टेबलावरची कच्ची विषयपत्रिका ओढली, घरकुलाच्या यादीच्या खाली जागा होती तिथं लिहिलं: 'इंटरनेट बंद काळातील गावाच्या व्यवस्थेबाबत चर्चा करणे.' मग मला विचारलं, "अर्जदार म्हणून नाव टाकू ना तुमचं?"

टाका म्हटलं.